चुंबळ

ऑक्टोबरच्या छाटणीतल्या द्राक्षकाड्या
मालगावच्या बांधावर पडून होत्या.
कुणी चुलीत घालायच्या आधी
सायकलच्या कॅरिअरला भारा बांधून आणला.
वाळली काडी वाकत नाही, मोडते.
रात्रभर बादलीत भिजवल्या,
तरंगू नयेत म्हणून वर वरवंटा.
सकाळी पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं
आणि काड्या शहाण्यासारख्या नरम.

गेल्या सालची प्लॅस्टिकची रिंग
माळ्यावर उंदरांनी कातरली,
त्या हिरव्या कातरणात पिल्लं घातली.
चला, कुणाचा तरी नाताळ झाला.

माझं पहिलं वेटोळं सुटलं.
दुसरं झालं अंड्यासारखं.
"दे इकडं," सालोमीमावशी म्हणाली,
आणि खिडकीबाहेर बघत, गप्पा मारत
काडीत काडी अडकवत गेली.
गोल कसा आला, ते मला कळलंच नाही.

मग हिरवं शोधत कालव्याकडे.
वाऱ्यानं पाडलेल्या सुरूच्या दोन फांद्या,
तरी चौकीदाराला विचारून घेतल्या.
रेल्वेच्या कुंपणावर गुंजेचा वेल,
शेंगा उकललेल्या,
आत लाल दाणे, एकेक काळा डोळा उघडा ठेवून.
"तोंडात घालशील," मावशीनं बजावलं,
मला, छप्पन्न वर्षांच्या माणसाला.
येताना तिनं निरगुडीचा पाला ओटीभर खुडला.
ही कशाला, विचारलं.
"असू दे."

बांधायला तार हवी होती.
सतारमेकर गल्लीत मुनीर शिकलगार
तंबोऱ्याच्या भोपळ्याला हात पुसत बसलेला.
तुकड्यांचा डबा पुढे सरकवला:
"खर्जाची घे, पितळेची. पोलाद बोटं कापतं.
कुठला तंबोरा लावतोयस?"
तंबोरा नाही, म्हटलं, दाराला लावायचंय.
"मग दार सुरात लाव,"
म्हणाला, आणि पैसे घेतले नाहीत.

तेवीस तारखेच्या संध्याकाळी
मिशन कंपाउंडमधल्या आमच्या दाराला ते टांगलं.
सुरू खाली, गुंजा अध्येमध्ये,
निरगुडी आतल्या बाजूला, मावशीनं स्वतः खोचलेली.
दूध घालायला आलेली द्वारका थबकली:
"आवं, दाराला चुंबळ कशापायी टांगली?"

मी हसलो.
मावशी हसली नाही.
तिचा हात सावकाश डोक्यावर गेला,
जिथे केस विरळ झालेत, रुपयाएवढे, गोल.
"हास्पिटलचा वरला मजला चढत होता,
तवा मी चौदाची.
वाळूची पाटी, फळीवरनं वर.
दिवसाच्या किती खेपा, ते गेलं ध्यानातनं.
चुंबळ तेवढी ऱ्हायली.
जुन्या लुगड्याची. आत निरगुडी घालायची मी,
डोस्कं उठू नये म्हणून."
मग द्वारकाला म्हणाली,
"चुंबळच हाय. अर्धा लिटर जास्त घाल उद्या,
करंज्या तळायच्यात."

चोवीसच्या रात्री दोनला कॅरलवाले आले,
ढोलकी पुढे, गॅसबत्ती मागे.
त्यांना चहा देऊन दार लोटलं
तर तारेचं एक सुटं टोक लाकडावर वाजलं,
बारीक, खोल, बराच वेळ.
शेवटचा पोरगा पायरीवरून वळून बघत राहिला.
मुनीरला सांगायचं राहूनच गेलं.

जानेवारीत सुरू तपकिरी झाला, झडला.
गुंजा वेचून मोजल्या,
शेजारचं लेकरू रांगतं म्हणून.
एकवीस लावलेल्या, वीस सापडल्या.
विसाव्यानंतर मी अख्खा व्हरांडा झाडला.

उरलं कडं.
ते मी टाकायला काढलं होतं,
पण मार्चमध्ये बघतो तर
स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नवा माठ
त्याच्यावर बसवलेला, जरासुद्धा न डुलता.
मावशी तांब्या बुडवते,
माठाच्या पोटावरून थेंब ओघळतो,
काड्यांच्या फटीत उतरतो,
आणि तिथे पितळी तारेच्या वेढ्याखाली
एकविसावी गुंज
ओली होऊन चमकते.